टॉप कशाचा?

दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी सकाळी आमची कन्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला युकुलेले हवंय."

मी पेपरातून डोकं वर न काढता स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडलो, "अगं, हिला काहीतरी उकडलेलं हवंय. बटाटे आहेत का शेंगा?"

बँकेच्या कौंटरवर वीस वर्षं काढली की कानाचं हे असं होतं. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आपण स्लिप पुढे सरकवलेली असते. त्याला पैसे भरायचे आहेत की काढायचे आहेत हे नंतर कळतं.

युकुलेले म्हणजे काय, हे कन्येनं मला समजावून सांगितलं. गिटारच्या घरातलं हे शेंडेफळ. लांबी जेमतेम एकवीस इंच, तारा चार, आणि त्याही नायलॉनच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या प, सा, ग, ध अशा लागतात, आणि त्यातला पंचम वरच्या अंगाचा असतो. म्हणजे वाद्याला खर्ज असा नाहीच. घरातलं मांजर जसं मांडीवर बसतं तसं हे वाद्य कुशीत बसतं. हे ऐकून मी 'बघू' म्हणालो. मध्यमवर्गीय घरात 'बघू' या शब्दाची मुदत किती असते हे कोणत्याही मुदतठेवीच्या पावतीवर छापलेलं नसतं.

घोटाळा केला तो आमच्या मेव्हण्यांनी. मेव्हणे पुण्यात असतात आणि पुण्यात असल्यामुळे त्यांना सगळं ठाऊक असतं. फोनवर ते म्हणाले, "दाजी, जरूर घ्या. पण आधी टॉप कशाचा ते ठरवा. स्प्रूस, सीडर, महोगनी का कोआ? सगळं टॉपवर असतं."

टॉप म्हणजे वाद्याची पुढची फळी; जिच्या मधोमध भोक असतं आणि जिच्यावर घोडी चिकटवलेली असते ती. तार बिचारी बारीक, तिच्या एकटीच्यानं हवा किती हलणार? ती घोडीला हलवते, घोडी फळीला हलवते, आणि फळी हवेला. आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो फळीचा. बँकेच्या भाषेत टॉप हा मुख्य कर्जदार, आणि मागच्या-बाजूच्या फळ्या म्हणजे जामीनदार. सही त्यांचीही लागते, पण व्यवहार याचा.

मी बी. कॉम. आहे. निर्णय घ्यायचा म्हटला की माझा हात आपोआप पट्टी आणि पेन्सिलकडे जातो. त्याच संध्याकाळी मी एक शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले : लाकूड, वजन, भाव, नाद, शेरा. आणि मेव्हण्यांनी पाठवलेलं सगळं वाङ्मय वाचायला बसलो.

वाचता वाचता लक्षात आलं, की लाकडाची म्हणून एक समीक्षा असते आणि ती हुबेहूब पुस्तकांच्या समीक्षेसारखी असते. स्प्रूसचा आवाज म्हणे 'स्वच्छ, उजळ आणि दूरवर पोचणारा'. सीडरचा 'उबदार आणि लवकर खुलणारा'. महोगनीचा 'संयत'. कोआचा 'गोड, पण खोली असलेला'. यातलं एकेक विशेषण उचलून एखाद्या कथासंग्रहाच्या मलपृष्ठावर ठेवा. लेखक तुम्हांला चहा पाजील. 'उबदार' हा शब्द मी आजवर स्वेटरसाठी राखून ठेवला होता. 'खुलणारा' गुलाबासाठी. आता एवढ्याशा फळीला ही विशेषणं लावायची म्हणजे तारण न घेता कर्ज देण्यातला प्रकार. शब्दामागे ऐकलेला आवाज असेल तर शब्द वटतो. नाहीतर परत येतो.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या ध्यानात येण्याजोगी होती. लाकडाचा भाव जसजसा चढत जातो तसतसा त्याचा नाद अधिकाधिक 'गूढ' होत जातो. स्वस्त लाकडाला कोणी गूढ म्हटलेलं मला सापडलं नाही.

तरी मी नेटानं वाचत राहिलो, आणि वाचलं ते वाया गेलं असं म्हणणार नाही. युकुलेलेचा जन्म हवाई बेटांवरचा. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजुरांचं एक जहाज होनोलुलूला लागलं. त्यातले तिघं लाकूडकाम जाणणारे होते. नुनेश, डियाश आणि एस्पिरितु सांतु अशी त्यांची आडनावं. त्यांनी आपल्याकडचं चार तारांचं छोटं वाद्य तिथे पुन्हा घडवलं, आणि त्यासाठी हाताला लागलं ते तिथलं लाकूड घेतलं. ते कोआ. आज ज्या कोआच्या नावानं लोक डोळे मिटतात, तो त्या तिघांच्या लेखी 'इथं काय मिळतं?' या प्रश्नाचं उत्तर होता. लोकांनी वाद्याला नाव दिलं 'उडी मारणारी पिसू', असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. वाजवणाऱ्याची बोटं बघून ते पटतं.

पण खरा आनंद मला पुढच्या ओळीनं झाला. कोआ हे अकेशिया कुळीतलं झाड. म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातलं! मी वही घेऊन तडक स्वयंपाकघरात गेलो. "अगं, ऐकलंस का? लोक ज्या लाकडापायी हजारो रुपये मोजतात ती आपल्या बाभळीची मावसबहीण आहे!" नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं यांत जन्म घालवलेल्या बाभळीला सातासमुद्रापलीकडे गाणारी बहीण असावी, याचा मला नारायणगावकर म्हणून अभिमान वाटला. तो फार टिकला नाही. २००५ साली व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथल्या निर्णयानं 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियाकडच्या मंडळींना गेलं आणि आपली बाभूळ दुसऱ्या नावानं वेगळी निघाली. कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आजही अकेशियाच. थोडक्यात, पाहुणीचं नाव राहिलं आणि घरच्या बाभळीचं नाव सातबाऱ्यावरून कमी झालं. आमच्या तालुक्यात अशी प्रकरणं पुष्कळ आहेत.

वाचन झालं, आता प्रत्यक्ष चौकशी. प्रथम गावातल्या सुतारांकडे गेलो. त्यांनी आमचा देव्हारा केला आहे, खाट केली आहे, बँकेचं लाकडी पार्टिशनही त्यांचंच.

"सागवान घ्या, साहेब," ते म्हणाले. "वाळवी लागायची नाही. तीन पिढ्या जाईल."

"पण वाजेल का?"

"वाजेल कशाला? बिजागरीसुद्धा वाजणार नाही. माझी गॅरंटी!"

मी वहीत लिहिलं : 'सागवान. शेरा : वाजणार नाही.'

मार्गशीर्षात आत्तेबहिणीच्या मुलाचं लग्न मिरजेला होतं. अक्षता टाकून मी जेवणाच्या पंगतीआधी सतारमेकर गल्लीत सटकलो. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी सतारीकडे वळली, तलवारीचं काम गेलं आणि तारेचं आलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एका दुकानात एक वयस्कर कारागीर तानपुऱ्याची तबली हातात धरून तिच्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारत होते. तबली म्हणजे आपला टॉप. ती तूण नावाच्या लाकडाची. इंग्रज लोक तिलाही 'सीडर' म्हणत. गिटारवरचा परदेशी सीडर खरा सीडर नव्हे आणि आपली तूणही नव्हे. खरा सीडर म्हणजे हिमालयातला देवदार. एवढ्या तोतयांचा एकाच नावावर व्यवहार चाललेला मी बँकेतही पाहिला नाही.

"हीच का निवडली?" मी विचारलं.

"हलकी आहे, पण लेची नाही. रेघा सरळ आहेत. आणि वाळलीय."

"आवाज उबदार आहे?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आवाज अजून कुठाय? तारा चढतील, जवारी निघेल, मग आवाज. घोडीवर कानशीस केसभर इकडंतिकडं झाली तर हीच तबली भांड्यासारखी बोलेल."

आणि तबलीच्या मागे काय? भोपळा! पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांत पिकलेला. मागे लाकूड कशाचं हा प्रश्नच मिरजेनं ठेवला नाही. स्पेनमध्ये टोरेस नावाचा थोर गिटारकार होऊन गेला. पुढची फळीच काय ती महत्त्वाची, हे सिद्ध करायला त्यानं १८६२ साली एक गिटार केली. टॉप स्प्रूसचा आणि मागच्या-बाजूच्या भिंती चक्क पुठ्ठ्याच्या! ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. टोरेसनं पुठ्ठ्यावर जे सिद्ध केलं ते आमच्या मिरजेनं कधीच भोपळ्यावर भागवलं होतं. आणि अलीकडे, २०१८ साली, इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठानं सहा गिटारी केल्या. सगळं सारखं, फक्त मागच्या-बाजूच्या फळ्या वेगवेगळ्या लाकडांच्या. बावन्न वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्या वाजवायला दिल्या. महागाचं लाकूड कोणतं आणि स्वस्ताचं कोणतं, हे त्यांच्या पसंतीवरून काही ओळखू येईना. म्हणजे भाव डोळ्यांना दिसला की कानांना ऐकू येतो, ही माझी शंका अगदीच बाष्कळ नव्हती.

तेव्हा मेव्हण्यांचा प्रश्न बरोबर होता, हे मला कबूल केलं पाहिजे. विचारायचंच तर टॉपबद्दल विचारावं. पण उत्तर लाकडाच्या नावात नाही. मार्टिन ही अमेरिकेतली गिटारांची नामवंत पेढी. १९०७च्या सुमारास त्यांनी पहिली युकुलेले केली. टॉप उत्तमातला उत्तम, स्प्रूसचा. पण आतून गिटारसारखा आधार देऊन जड केलेला. वाद्य मुकं झालं. पुढे १९१५च्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातून हवाईच्या संगीताचं वेड अमेरिकाभर पसरलं, तेव्हा त्यांनी पातळ महोगनी घेतली, आतली लाकडं कमी केली, आणि तीच पेढी युकुलेलेसाठी गाजली. लाकूड उंची आणि वाद्य मुकं, हे होऊ शकतं. बँकेत आम्ही याला 'कागदपत्रं पूर्ण, वसुली शून्य' म्हणतो.

हे सगळं मी एका रात्री जेवताना सौभाग्यवतींना सांगत होतो. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "एवढं काय त्यात? भाकरी बाजरीची का ज्वारीची हे नंतर. पापुद्रा सुटतो का ते बघायचं. जाड राहिली तर फुगत नाही, फार पातळ केली तर फाटते." दोन महिन्यांच्या वाचनाचा असा दोन वाक्यांत गोषवारा निघालेला पाहून मला जरा राग आला. मी वहीत नोंद केली, पण कोणी सांगितलं ते लिहिलं नाही.

या सगळ्यात डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत सूचीपर्ण की रुंदपर्ण यावर वहीची अकरा पानं भरली. मार्चमध्ये बँकेची वर्षअखेर. आणि कन्या मधल्या काळात केव्हातरी युकुलेलेबद्दल विचारायची थांबली होती. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. आमच्या जवळ खोडदला प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशाकडे कान लावून बसलेल्या असतात आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज टिपतात. अशा गावात राहणाऱ्या माणसाला शेजारच्या खोलीतली शांतता ऐकू येऊ नये!

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे. त्या दिवसांत आमच्या कौंटरवर एक म्हातारे ढोलकीवाले येतात. सरकारचं वृद्ध कलावंतांचं मानधन त्यांच्या खात्यात जमा होतं. सगळे त्यांना आबा म्हणतात. गर्दी ओसरली होती. मी विचारलं, "आबा, तुमच्या ढोलकीचं खोड कशाचं हो?"

"शिसवाचं. त्याच्या आधीचं आंब्याचं व्हतं. त्याच्या आधीचं म्हाईत नाय, ती ढोलकी दुसऱ्याची व्हती."

"मग शिसवानं फरक काय पडला?"

"जड हाय. खांदा दुखतो."

"आवाजात, आबा?"

"आवाज शाईत आस्तो, वादीच्या ओढीत आस्तो, अन् त्या राती हात कसा पडतोय त्याच्यात आस्तो. खोड चांगलं पायजेच. तडकलेलं खोड वाजवून काय करता? पन चांगलं म्हंजे वाळलेलं. पब्लिकनं कवा इचारलं नाय, ढोलकी कशाची म्हनून." मग त्यांनी मलाच विचारलं, "तुमाला कशाला पायजे?"

मी सगळी हकीकत सांगितली. वही दाखवली. तुंतुणं आणि युकुलेले यांची तुलनाही ऐकवली, की तुंतुण्याला टॉप असतो पण तो चामड्याचा आणि तळाला असतो. आबांनी वहीची पानं उलटली, कारण रकाने फार सुबक आखले होते. मग म्हणाले, "पोरगी कवाधरनं मागतीय?"

"दिवाळीपासून."

"अन् आता पाडवा." त्यांनी पासबुक पिशवीत घातलं. "सायेब, लाकूड वाळवायचं आस्तं. पोर नाय."

संध्याकाळी घरी आलो तर कन्या शिकवणीला गेली होती. नववीचं वर्ष संपत आलेलं. आपल्याकडे जूनमध्ये दहावी लागली की मूल नऊ महिने घराच्या तिजोरीत ठेवतात. त्याआधीचं हेच एक मोकळं वर्ष, आणि त्यातले पाच महिने मी रकाने आखण्यात घालवले होते. माझी जुनी पासबुकं शोधायला म्हणून तिच्या कपाटावर हात घातला, तर मागे एक बुटांचं खोकं सापडलं. झाकणाला गोल भोक कापलेलं, दोन्हीकडे पेन्सिलीचे तुकडे घोडीसारखे चिकटवलेले, आणि त्यावर चार रबरं ताणलेली. नोटांच्या बंडलांची. मीच बँकेतून आणत असे. त्यातली दोन तुटून लोंबत होती. मी उरलेल्यांपैकी एक छेडलं. आवाज आला. उबदार नव्हता, खुला नव्हता, संयत तर मुळीच नव्हता. टोरेसनं पुठ्ठा निदान मागे लावला होता.

पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं पुण्याला गेलो. वही घरी ठेवली. दुकानदारानं सहा वाद्यं पुढ्यात मांडली. ती एकेक उचलून छेडत होती आणि मी डोळे मिटून लँकेस्टरचा बावन्नावा वादक झालो होतो. खरं सांगतो, मला फक्त दोन फरक कळले. स्प्रूसचं मोठ्यानं आणि टणक बोलत होतं. गडद रंगाची बाकीची जरा दबकत, जवळून बोलत होती. याच्यापलीकडे जी विशेषणं आहेत ती मला ऐकू आली नाहीत, म्हणून मी ती इथे देत नाही.

"हे," ती म्हणाली. सहावं.

"टॉप कशाचा?" सवयीनं माझ्या तोंडून गेलंच.

"महोगनी," दुकानदार म्हणाला, "पण प्लाय आहे, साहेब. अखंड नाही."

पाच महिने मी ज्या लाकडांचा अभ्यास केला त्यात प्लायला रकानाच नव्हता. पण आता शांतपणे सांगतो : अखंड फळी अधिक मोकळी बोलते हे खरं, मात्र ती हवा ओळखते. आमच्याकडे एप्रिलात ओठ फुटतात आणि आषाढात दारं फुगून बसतात. नवशिक्याच्या हातात, खुंटीला टांगून राहणाऱ्या वाद्याला प्लाय सोसतं. दुसरं वाद्य घेण्याइतकी बोटं तयार झाली तर अखंड टॉप घ्यावा. चारचौघांत, लांबवर ऐकू जायला हवं असेल तर स्प्रूस. स्वतःच्या गळ्याखाली साथीला हवं असेल तर महोगनी. कोआ घ्यायचा तर त्याच्या रेषांसाठी, आणि बाभळीचा नातलग म्हणून घ्यावा. पण फळी कोणतीही असो, ती पातळ आहे ना, हलकी आहे ना, आणि हातात घेणारा ती खाली ठेवायला नाखूष आहे ना, हे आधी पाहावं. लाकडाच्या समीक्षेत यापेक्षा जास्त खात्रीनं सांगण्याजोगं मला काही सापडलेलं नाही. पुस्तकांच्या समीक्षेतही बहुधा एवढंच असावं.

आता रोज संध्याकाळी शिकवणीहून आल्यावर ती पडवीत बसते. परवा आबा रस्त्यानं चालले होते, ते थांबले. युकुलेले हातात घेऊन त्यांनी उलटं केलं आणि पाठीवर दोन बोटांनी लावणीचा ठेका धरला. जामीनदाराच्या बाजूनं इतका चोख व्यवहार मी पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनी ते कन्येच्या हाती दिलं आणि म्हणाले, "वाजीव, बाय." तिनं प, सा, ग, ध छेडले, एक तार उतरली होती ती पिळून वर आणली, आणि एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. दिवाळीनंतर तिचा गाता आवाज घरात पहिल्यांदाच आला होता.

"बाबा, कसं झालं?"

"पुन्हा एकदा म्हण," मी म्हणालो. "आत्ता मी टॉपकडे बघत होतो."